आरतीच्या वेळी त्याला बोलतं करू नकोस

पत्र (थोडं संक्षिप्त करून)

मी २७ वर्षांची आहे. पुण्यात कर्वेनगरला राहते आणि एका मराठी मालिकेचे संवाद लिहिते. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. बोलतो अगदी मोजकं, आणि तेही बहुतेक टीव्हीवरून उचललेलं. मी बाहेर निघाले की दारात येऊन म्हणतो, 'कुठेही जाऊ नका, ब्रेकनंतर लगेच भेटू.'

आमच्या मालिकेत नायिकेला एक ऑटिस्टिक दीर आणायचं ठरलंय. मी घरचं सांगितल्यावर टीम म्हणाली, 'मग तर तूच लिही, खरं वाटेल.' ऐकून बरं वाटलं. मग ट्रॅक, म्हणजे त्या दिराचं उपकथानक, हातात आला. दीर कुणाशी बोलत नाही, पण गणिताची कोडी चुटकीसरशी सोडवतो. घरचे त्याला पाहुण्यांपासून लपवतात. वहिनी त्याला जीव लावते आणि गणपतीच्या महाएपिसोडमध्ये आरती चालू असताना तो आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून 'वहिनी' म्हणतो. प्रोमो त्याच क्षणाचा. मी म्हटलं, असं होत नाही. तर उत्तर आलं, 'अगं, प्रेक्षकांना काही आशा नको का द्यायला?'

आईला सांगितलं तर म्हणाली, 'आपल्या घरातलं चव्हाट्यावर मांडू नकोस.' तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाहीये. मला एपिसोडमागे पैसे मिळतात, भांडून काम गेलं तर दुसरं लगेच मिळेल असं नाही. आणि मी नाही लिहिलं तर असा मुलगा कधी जवळून न पाहिलेलं कुणीतरी लिहीलच. भावाचं ते 'कुठेही जाऊ नका' त्या पात्राला द्यावंसं वाटतंय, कारण त्याहून खरं मला काही सुचत नाही. काय करू? लिहू की सोडू?

– नाव छापू नका, 'कर्वेनगरची ताई' म्हणा

उत्तर

प्रिय ताई,

लिही. हे काम सोडू नकोस. मात्र आरतीचा तो प्रसंग लिहू नकोस, आणि भावाचं वाक्य मालिकेला देऊ नकोस. उत्तरं आधीच देऊन टाकली, कारण चॅनेलबरोबरची मीटिंग कधीही लागू शकते. आता कारणं सांगते.

मी बरीच वर्षं विशेष शिक्षिका होते, आता पालकांशी बोलण्याचं काम करते. त्यामुळे अशी एखादी मालिका आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे बघून उद्या कोणते आईवडील काय विचारत येतील.

आरतीचं आधी घेऊ. मूल बोलत नाही म्हणजे बोलणं त्याच्या आत कुठेतरी अडकलंय आणि कुणी पुरेसा जीव लावला की ते बाहेर पडेल, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. ऐकायला गोड आहे. पण तिची दुसरी बाजू आयांना लगेच कळते. इतकी वर्षं बोलला नाही, म्हणजे आईचीच माया कमी पडली. गेल्या शतकात पाश्चात्त्य देशांतले काही नामांकित तज्ज्ञ उघड उघड हेच सांगत होते, की आईच्या कोरडेपणामुळे मूल ऑटिस्टिक होतं. ते साफ चुकीचं होतं. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, आयुष्याच्या अगदी सुरुवातीपासूनचा, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तुमच्या ट्रॅकमध्ये तीच जुनी गोष्ट वहिनीच्या रूपाने परत आली आहे. आईला १९ वर्षांत जमलं नाही ते वहिनीने चार महिन्यांत करून दाखवलं. तुझी आई तो भाग बघताना काय ऐकेल, याचा विचार कर. मला वाटतं तिने तो न बघताच ऐकला आहे.

काही मुलं उशिरा बोलू लागतात, हे खरं. शाळेच्या वयापर्यंत एक शब्द न काढलेली मुलं पुढे वाक्यं बोलताना मी पाहिली आहेत. पण ते स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी), घरचा रोजचा सराव अशा वाटेने झालं, एकेक शब्द करत, मध्ये कमावलेले शब्द गमावत. आणि काही माणसं तोंडाने कधीच बोलत नाहीत. ती चित्रांच्या कार्डांवर किंवा टॅबवर बोट ठेवून बोलतात, काही जण टाइप करतात. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' नावाचं ॲप आपल्याकडची कितीतरी मुलं वापरतात. दीर टॅबवर बोट ठेवून 'चहा नको' म्हणतो, एवढं साधं दृश्य मराठी मालिकेत आलं तर माझ्याकडे येणाऱ्या पालकांना त्याचा जास्त आधार वाटेल.

शिवाय आरतीचीच वेळ! झांजा, टाळ, घंटा, कापराचा धूर, उदबत्त्या, एका खोलीत दहा-पंधरा माणसं टिपेच्या सुरात. तू नदीपात्राच्या अंगाला राहतेस. गणपतीच्या कितीतरी आधीपासून डीपी रोडच्या बाजूला ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळी काय करता, हे तू लिहिलेलं नाहीस. माझ्या ओळखीच्या घरांत खिडक्या लावतात, कानांवर हेडफोन चढवतात, जमलं तर ते दहा दिवस गावी जातात. ज्या आवाजात अनेक ऑटिस्टिक मुलं कानांवर हात दाबून कोपरा गाठतात, नेमक्या त्याच आवाजात तुमच्या दिराला कंठ फुटणार आहे. ज्या घरांत असं मूल आहे त्यांना हे बघताक्षणी कळेल, की लिहिणाऱ्यांनी आपल्याकडे बघितलेलंच नाही.

'आशा नको का?' या प्रश्नाचं उत्तर टीमला शांतपणे दे. आशा हवीच. पण खोट्या आशेचे पैसे पालकांच्या खिशातून जातात. स्टेम सेलने, म्हणजे मूळ पेशी टोचून, ऑटिझम बरा करतो म्हणून लोकांनी पालकांकडून लाखो रुपये घेतले आहेत. ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, तरी पालकांचं विचारणं थांबलेलं नाही. कुणाचा बंगल्यातला दीर आरतीत बोलला, तर आपलाही बोलेल, अजून काहीतरी करून बघायचं राहिलंय, असं वाटून माणसं दागिने मोडतात. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

आता गणिताच्या कोड्यांबद्दल. ही कल्पना तुमच्या टीमची नाही, ती वर्षानुवर्षं टीव्हीवरून आली आहे. 'द गुड डॉक्टर' ही मालिका २०१३ मध्ये कोरियात आली, २०१७ मध्ये तिची अमेरिकन आवृत्ती आली आणि ती सात सीझन, २०२४ पर्यंत चालली. तिच्यातला शॉन मर्फी हा ऑटिस्टिक सर्जन. पडद्यावर शरीराच्या आकृत्या तरंगतात आणि इतरांना न दिसलेलं निदान त्याला दिसतं. ऑटिस्टिक मुलगा मोठा होतो, नोकरी टिकवतो, प्रेमात पडतो, बाप होतो, हे त्या मालिकेने घराघरांत नेलं आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण हॉस्पिटल त्याला ठेवून घेतं ते तो विलक्षण असल्यामुळे. तो सामान्य सर्जन असता, तर? मालिकेकडे याचं उत्तर नाही. अशी विलक्षण देणगी थोड्याच ऑटिस्टिक लोकांमध्ये असते. उलट साधारण तिघांतल्या एकाला बौद्धिक मर्यादाही असतात, आणि ती माणसं पडद्यावर शोधून सापडत नाहीत.

याचा परिणाम मी घरांत बघते. एक वडील मुलाकडून रोज संध्याकाळी पाढे घोकून घ्यायचे. 'याची देणगी कशात आहे ते शोधतोय,' म्हणायचे. मुलगा रडायचा. त्याला आवडायचं ते बादलीतलं पाणी तांब्याने उंचावरून ओतायला, धार तुटू न देता. ओतताना त्याचा चेहरा इतका स्वस्थ असायचा, की त्याच्या शेजारी बसून राहावं. वडील त्या वेळी तिथे नसायचे, ते नवीन पुस्तक आणायला अप्पा बळवंत चौकात गेलेले असायचे. चांगला माणूस. पण 'असे' म्हणजे हुशारच असतात, असं त्यांना कुठून तरी कळलं होतं आणि मुलगा तसा निघत नव्हता.

२०२२ ची 'एक्स्ट्राऑर्डिनरी ॲटर्नी वू' ही कोरियन मालिका बघितली नसलीस तर बघ, सोळाच भाग आहेत. वू यंग-वू ही ऑटिस्टिक वकील, कायद्याची कलमं तोंडपाठ, देवमाशांचं वेड. म्हणजे पुन्हा बुद्धीचा चमत्कारच. पण तिसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. तिच्याकडे एक खटला येतो. आरोपी ऑटिस्टिक तरुण, मोजकंच बोलणारा, पटकन बिथरणारा. त्याच्या आईवडिलांसमोर ही ऑटिस्टिक वकील येऊन बसते, आणि आपला मुलगा आणि ही मुलगी यांच्यातलं अंतर त्या दोघांना बोचतं. मालिकेने स्वतःच्या नायिकेसमोर हा प्रश्न ठेवला, की ऑटिझम एकच, मग तुझ्यात आणि त्याच्यात एवढा फरक कसा? अशी हिंमत मी टीव्हीवर फारशी पाहिलेली नाही.

शेल्डनचं नाव तुझ्या मीटिंगमध्ये निघेलच. तो ज्यात आहे ती 'द बिग बँग थिअरी' ही अमेरिकन विनोदी मालिका २००७ ते २०१९ चालली आणि तो ऑटिस्टिक आहे असं निर्मात्यांनी कधी म्हटलं नाही. नाव दिलं नाही, त्यामुळे ठरलेल्या जागेचा हट्ट, दारावर तीनदा टकटक, स्पर्शाचा तिटकारा, या सगळ्यावर हसायला प्रेक्षक मोकळे राहिले. कुणी तसा दीर सुचवला तर ठाम नाही म्हण.

आपल्याकडे २००९ मध्ये झी टीव्हीवर 'आप की अंतरा' आली होती. रोज चालणाऱ्या हिंदी मालिकेच्या केंद्रस्थानी ऑटिस्टिक लहान मुलगी, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. ती लागायची तेव्हा पालक मला सांगत, की आता सासरच्यांना समजावताना 'त्या अंतरासारखं' एवढं म्हटलं तरी पुरतं. हे मालिकेचं ऋण आहेच. तरी तिची गोष्ट चालायची ती मोठ्यांच्या मनात. वडील काय करतील, ती सावत्र आई तिला पोटाशी धरेल की नाही. मुलीमुळे मोठ्यांची परीक्षा व्हायची. तुमचा दीरही तसाच वहिनीच्या चांगुलपणाची परीक्षा घ्यायला आणलेला आहे. म्हणून तुझ्या जागी मी असते तर टीमला पहिला प्रश्न हा विचारला असता, की या दिराला स्वतःला काय हवंय? त्याला राग कशाचा येतो, त्याचं कुणाशी पटतं, घरात तो कुणावर माया करतो, त्याला कोणत्या गोष्टीचा कंटाळा येतो? याची उत्तरं मिळाली तर ते पात्र झालं. नाही मिळाली तर तो दिवाणखान्यात आणून बसवलेला प्रसंग राहील.

लहान मुलांच्या कार्यक्रमाने हे किती सोप्या रीतीने केलं ते बघ. 'सेसमी स्ट्रीट'मध्ये एप्रिल २०१७ मध्ये ज्यूलिया नावाची ऑटिस्टिक बाहुली आली. बिग बर्ड, म्हणजे कार्यक्रमातला मोठा पिवळा पक्षी, तिला हाक मारतो, ती चित्र रंगवण्यात गुंग, उत्तर देत नाही. त्याला वाटतं, मी हिला आवडलो नाही. इतर मित्र त्याला सांगतात, की ती ज्यूलिया आहे, तिची रीत अशी आहे. पुढे गाडीच्या सायरनने ती कानांवर हात ठेवते, थोडी बाजूला जाते, मग परत खेळायला येते. त्या भागात ज्यूलिया बदलत नाही, शिकतो तो बिग बर्ड. तिची बाहुली हाताळणारी स्टेसी गॉर्डन स्वतः एका ऑटिस्टिक मुलाची आई आहे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मला तोच जास्त नाजूक वाटतो.

भावाचं वाक्य देऊ नकोस. 'गुड डॉक्टर'मध्ये शॉन 'मी सर्जन आहे' असं पुन्हा पुन्हा ओरडतो, कारण त्याला त्याच्या आवडत्या कामावरून काढलेलं असतं. मालिकेत तो कोंडमाऱ्याचा क्षण होता. २०२३ मध्ये तेवढाच तुकडा कापून इंटरनेटवर फिरला आणि जगभर लोकांनी त्याची नक्कल करून हसून घेतलं. तुझा प्रसंगही मालिकेत राहणार नाही, त्याचं रील होईल. 'कुठेही जाऊ नका' प्रोमोत आलं की पंधरा दिवसांत तुमच्या सोसायटीतली मुलं ते म्हणू लागतील, आणि तुझा भाऊ जिन्यात उभा असताना त्याला बघून म्हणतील. त्याच्याकडे निरोपाला तेवढंच वाक्य आहे. तुझ्याकडे हजार आहेत. ते एकदा बाहेर गेलं की परत मागता येणार नाही, आणि गेल्याची तक्रारही त्याला करता येणार नाही.

आई लाजते आहे असं धरून चालू नकोस. १९ वर्षांत तिने मुलाबद्दल किती जणांना उत्तरं दिली असतील! पीएमपीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, शाळांच्या ऑफिसात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑटिझम मोजण्याची जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० मुद्दे आहेत. नजरेला नजर देतो का, स्वतःला इजा करतो का, एकच गोष्ट किती वेळा करतो. त्या प्रत्येकावर अनोळखी माणसासमोर बसून घरातलं सांगावं लागतं, बहुतेकदा मुलगा शेजारी असताना. तिला जे सांगणं भाग होतं ते तिने सगळं सांगितलं. आता न सांगितलेलं जे थोडंसं उरलंय तेवढं तरी घरात राहावं, असं तिला वाटत असेल तर तो तिचा हक्क आहे. तिच्याजवळ बस आणि मालिकेत काय येणार नाही ते आधी सांग. त्याचं वाक्य येणार नाही, त्याच्या सवयी जशाच्या तशा येणार नाहीत, आणि 'लेखिकेचा स्वतःचा भाऊ' अशी बातमी तू कुणाला देणार नाहीस. ही शेवटची गोष्ट टीमलाही आत्ताच बजाव, कारण प्रसिद्धीच्या वेळी त्यांना हेच पहिलं आठवेल.

आणि भावालाही विचार. तो सज्ञान आहे. फोटो दाखवून, चित्र काढून, तुमच्यात जी रीत असेल तिने सांग, की ताई टीव्हीसाठी एका अशा मुलाची गोष्ट लिहिते आहे. त्याला किती कळेल हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण त्याचं 'नको' तुला ओळखता येतं, आणि ते आलं तर मान.

मग पात्राला काय द्यायचं? भावाकडून तुला एक गोष्ट समजली आहे जी त्या टीममध्ये कुणाला माहीत नाही: उसन्या वाक्यातूनही माणूस स्वतःचं म्हणणं मांडतो. याला इकोलालिया म्हणतात. पूर्वी आम्ही शिक्षक ती सवय मोडायला बघायचो, आता तिच्यातला अर्थ शोधतो. दिरासाठी नवं वाक्य घड. समज, तो लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून आकाशवाणीच्या बातम्या ऐकायचा. आता त्याला नकोसं झालं की तो म्हणतो, 'हे बातमीपत्र संपलं.' घरच्यांना ती निरर्थक बडबड वाटते. वहिनी नवी आहे, तिलाही आधी तसंच वाटतं. मग तिच्या लक्षात येतं, की पाहुणे फार वेळ बसले की म्हणतो, मिक्सर लागला की म्हणतो, आत्याबाईंनी गालाला हात लावला की म्हणतो. रोजच्या मालिकेला हे सोन्यासारखं आहे. तीन आठवडे प्रेक्षकाला तुम्ही एकेक खूण देऊ शकता, आणि हुशार प्रेक्षक वहिनीच्या आधी ओळखतील.

मग गणपतीचा महाएपिसोड. आत्याबाईंचा हट्ट, की यंदा त्याला पुढे उभं करायचं. आरती सुरू होते, झांजा वाढत जातात, आणि तो मोठ्याने म्हणतो, 'हे बातमीपत्र संपलं. हे बातमीपत्र संपलं.' सगळे गप्प. आता वहिनीला कळतं. ती दोघांच्या हातातल्या झांजा काढून घेते आणि म्हणते, 'त्याला आवाज सोसत नाहीये. टाळ्यांवर म्हणू या.' सासरे आधी टाळी धरतात. तो आतल्या खोलीच्या दारापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो, उरलेली आरती तिथून ऐकतो. चॅनेलला प्रोमोला क्षण हवा ना? हा आहे. आरतीत तो बोलतोच आहे, फक्त या वेळी कुणीतरी त्याचं ऐकलं. त्यानंतर पंगतीत तो उकडीच्या मोदकातलं सारण तेवढं खातो आणि उकडीची पारी आत्याबाईंच्या पानात ठेवून देतो, कारण ती चिकट लागते. आत्याबाई क्षणभर बघतात आणि ती खाऊन टाकतात. त्यावर एकही संवाद लिहू नकोस.

दोन बारीक गोष्टी तुझ्या कामाच्या. घरातलं कुणी 'मागच्या जन्मीचं पाप', 'आईने मोबाइल दाखवला म्हणून' असलं बोलणारच, खलपात्र असेल तर नक्की. बोलू दे, पण त्याला उत्तर त्याच एपिसोडमध्ये मिळू दे. रोजच्या मालिकेत उद्याचा भाग कितीतरी जण चुकवतात आणि त्यांच्यापुरतं आजचं वाक्य खरं होऊन बसतं. दुसरं नटाबद्दल. आपल्याकडे वेगळा मुलगा रंगवायचा म्हटलं की अजून 'चौकट राजा'तला नंदू डोळ्यांसमोर येतो. १९९१ च्या त्या चित्रपटातल्या नंदूच्या मेंदूला लहानपणी अपघातात इजा झालेली असते, तो ऑटिस्टिक नाही. सतत निरागस हसणं, मान तिरकी, बोलणं बोबडं, हे दिराच्या अंगावर चढवू देऊ नकोस. त्याला चिडू दे, खोटं बोलायचा प्रयत्न करू दे, कुणावर तरी रुसू दे.

ऑटिस्टिक नट घ्यावा का, हे मीटिंगमध्ये विचारायला लाजू नकोस. नेटफ्लिक्सच्या 'अटिपिकल'वर २०१७ मध्ये पहिल्या सीझनला टीका झाली, की गोष्ट ऑटिस्टिक मुलाची आणि ऑटिस्टिक माणसं बनवणाऱ्यांत नाहीत. पुढच्या सीझनमध्ये त्यांनी ऑटिस्टिक कलाकार आणले. ऑस्ट्रेलियाच्या 'हार्टब्रेक हाय' मालिकेत क्विनी या ऑटिस्टिक मुलीची भूमिका क्लोई हेडन ही ऑटिस्टिक अभिनेत्री करते. आपल्या रोजच्या मालिकांच्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट मला माहीत आहेत, त्यात मुख्य भूमिका निभावणं अवघड जाईल. पण दिराला जिथे दिवसा पाठवतात त्या केंद्रातले दोन-तीन मित्र ऑटिस्टिक कलाकार घेऊन दाखवा, त्यांचे सीन सकाळी आधी घ्या, सेटवर एक शांत खोली ठेवा. एवढं कुठल्याही निर्मात्याला परवडतं.

टीम ऐकत नसेल तर कायद्याच्या भाषेत बोल, तिचा उपयोग होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. आणि ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना पडद्यावरच्या दिव्यांग व्यक्तींच्या चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: गैरसमजांवर आधारलेली टिंगल नको, दुसऱ्या टोकाला जाऊन अलौकिक शक्तीचे पुतळेही नकोत, आजाराची माहिती नीट तपासा, आणि ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांना सोबत घ्या. निकालाच्या त्या भागाची प्रिंट काढून मीटिंगला ने. गणिताची कोडी आणि आरतीतला चमत्कार दोन्हींवर त्यात बोट ठेवलेलं सापडेल.

तू संवाद लिहितेस, कथा तुझ्या हातात नाही, हे मला कळतं. म्हणून नुसतं 'हे चूक आहे' म्हणत जाऊ नकोस, आरतीचा बदललेला सीन पूर्ण लिहून, छापून ने. कागदावर तयार असलेल्या सीनला नाही म्हणणं जड जातं, त्यांनाही डेडलाइन असते. तरीही ते जुन्या चमत्कारावरच अडले, तर तेवढ्या ट्रॅकपुरतं मागे हट. 'हा ट्रॅक दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, बाकी मालिका मी लिहिते' असं सांगता येतं, आणि एका ट्रॅकसाठी नेहमीच्या संवादलेखिकेला कुणी काढत नाही. काढलंच, तर आरतीचं ते खोटं तुझ्या हातून तरी लिहिलं गेलं नाही, आणि तुझ्या आईला ते महिन्याच्या चेकपेक्षा मोठं वाटेल, एवढं मी तिला न भेटता सांगते.

सल्लागार म्हणून एखाद्या स्पेशल एज्युकेटरला घ्या, आणि त्याबरोबर एका ऑटिस्टिक प्रौढ व्यक्तीलाही. पुण्यात लिहिणारे, बोलणारे, नोकऱ्या करणारे ऑटिस्टिक तरुण आहेत, पालकांच्या गटांत विचारलंस तर भेटतील. त्यांना सीन आधी वाचायला द्या, शूटिंगनंतर नाही. आणि बाकी सल्लागारांना देता तसं त्यांनाही मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव द्या. हे पहिल्याच मीटिंगमध्ये कागदावर आण, बजेट ठरून गेलं की मग कुणी ऐकत नाही.